घरी पाठवलेली माणसं

१९७७ साली डॅलसच्या न्यायालयात एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचा खटला उभा राहणार होता आणि त्यासाठी ज्युरीची, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांची, निवड चालू होती. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्यानुसार ज्युरीत बसणाऱ्या प्रत्येकाला शपथेवर एक गोष्ट कबूल करावी लागे: आरोपी दोषी ठरला तर त्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप होणार हे मला माहीत आहे, पण त्या जाणिवेचा माझ्या निर्णयावर काहीही परिणाम होणार नाही. काही जणांच्या तोंडून ही शपथ निघेना. ते सगळे मृत्युदंडाचे विरोधक होते असंही नाही. काहींचं म्हणणं एवढंच होतं की एका माणसाचा जीव पणाला लागलाय हे डोक्यात राहील, त्यामुळे आम्ही हे काम जास्त गांभीर्याने करू, आणि याला परिणाम म्हणायचं असेल तर तो होणारच. त्यांना घरी पाठवण्यात आलं. उरलेल्यांतून जी ज्युरी बनली तिने रँडल डेल ॲडम्स याला दोषी ठरवलं आणि त्याला मृत्युदंड झाला.

मे १९७९ ची तारीखही ठरली होती. तीन दिवस आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी स्थगिती दिली. पुढच्या वर्षी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ॲडम्सची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांच्या निकालपत्राचा गाभा असा की, आपल्या निर्णयाने कुणाचा जीव जाऊ शकतो या जाणिवेने जो हलतो त्याला केवळ तेवढ्यासाठी ज्युरीबाहेर काढता येणार नाही. पुराव्याबद्दल या निकालात काही नव्हतं. प्रश्न फक्त ज्युरी कशी निवडली याचा होता. राज्यपालांनी शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि ॲडम्स तुरुंगातच राहिला.

मग १९८९ साली तो सुटला, कारण तो खून त्याने केलेलाच नव्हता. एका माहितीपट बनवणाऱ्याने खटल्याचे कागद उकरून काढले, साक्षी कोसळल्या, आणि ज्या मुलाच्या साक्षीवर सगळा डोलारा उभा होता त्यानेच ॲडम्स निर्दोष असल्याचं सांगितलं. हे बाहेर यायला बारा वर्षं लागली. त्या बारा वर्षांत ॲडम्स जिवंत राहिला तो पुराव्याच्या बळावर नाही, चांगल्या तपासाच्या बळावर तर नाहीच. डॅलसमधल्या काही साध्या माणसांनी एक खोटी शपथ घ्यायला नकार दिला होता, आणि त्यांना हाकलणं चूक होतं असं पुढे कुणीतरी म्हणालं, म्हणून तो जगला.

मी त्याच डॅलस काउंटीत राहते, अर्विंगमध्ये. इथे येऊन बरीच वर्षं झाली, नागरिकत्व घेतलं, मतदान करते. ॲडम्सची गोष्ट वाचल्यापासून त्या घरी गेलेल्या लोकांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. निकालपत्रात त्यांची नावं दोन-चार ओळींपुरती येतात. घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल? ‘मला घेतलं नाही’, एवढंच?

मृत्युदंडाच्या खटल्यात ज्युरी निवडायची रीत इतर खटल्यांपेक्षा वेगळी असते आणि ती रीत कळल्याशिवाय त्यातला अन्याय दिसत नाही. मतदारयाद्या आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या याद्यांमधून शेकडो लोकांना समन्स जातं. त्यांच्याकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. मग एकेकाला वेगळं बोलावून न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात. हे काम कित्येक आठवडे चालू शकतं. त्यात दोन प्रकारे माणसं गळतात. पहिला प्रकार कारण सांगून वगळण्याचा: हा माणूस निष्पक्ष राहू शकणार नाही असं न्यायाधीशांना पटलं की तो बाहेर. त्याला संख्येची मर्यादा नाही. दुसरा प्रकार स्ट्राइकचा: टेक्सासमध्ये अशा खटल्यात प्रत्येक बाजूला पंधरा माणसं कारण न देता वगळता येतात. एवढं सगळं होऊन जे बारा उरतात त्यांच्यापुढे पहिला साक्षीदार उभा राहतो. आपण सिनेमात बघतो तो खटला तिथे सुरू होतो. माझ्या मते तोवर अर्ध्याहून जास्त खटला झालेला असतो.

पहिल्या प्रकारात मृत्युदंडाबद्दलचं मत विचारलं जातं. शिकागोमध्ये १९६० साली विल्यम विदरस्पूनचा खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी सुरुवातीलाच सांगितलं की ही विवेकबुद्धीवाली मंडळी आधी बाजूला काढा, त्यांच्यात वेळ घालवू नका. भराभर ४७ जणांना घालवलं. त्यांच्यातल्या फक्त पाच जणांनी, काहीही झालं तरी मी मृत्युदंड देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. बाकीच्यांच्या मनात नुसती शंका होती. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. नुसतं मन कचरतंय म्हणून कुणाला काढता येणार नाही. कायद्याने सांगितलं तरी मी ती शिक्षा विचारातच घेणार नाही असं जो म्हणेल, त्यालाच काढा. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं की माणसाला मरणाकडे पाठवायला जरा जास्तच तयार असलेली ज्युरी सरकारने बनवून घेतली.

ती भिंत पुढे खचवली गेली. १९८५ च्या एका निकालाने म्हटलं की ज्युररच्या मतामुळे त्याच्या कामात बरीच बाधा येईल असं न्यायाधीशांना वाटलं तरी पुरे, स्पष्ट कबुलीची गरज नाही. ‘वाटलं तरी पुरे’ या तीन शब्दांत किती माणसं मावतात! जी बाई उत्तर देताना दोनदा थांबली, ज्या म्हाताऱ्याने आधी ‘हो’ म्हणून मग ‘बहुतेक’ म्हटलं, ते सगळे त्यात आले.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला आधीच कळली असती तर बरं झालं असतं, कारण ती कळल्यावर बाकी सगळं वेगळं दिसायला लागतं. शिक्षेबद्दल ज्याचं मन कचरतं त्याला फक्त शिक्षा ठरवण्यापासून दूर ठेवत नाहीत. गुन्हा झाला की नाही, हाच माणूस गुन्हेगार आहे की नाही, हे ठरवायलाही तो उरत नाही, कारण दोन्ही टप्प्यांना ज्युरी एकच असते. म्हणजे आरोपी निर्दोष असेल तर ते ओळखण्याचं काम अशा बारा जणांवर येतं ज्यांना आधीच विचारून घेतलंय की मारायची तयारी आहे ना. आर्डिया मॅक्री या आरोपीच्या बाजूने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अनेक अभ्यास ठेवले गेले. अशी गाळून घेतलेली ज्युरी दोषी ठरवण्याकडे जास्त झुकते, असं ते अभ्यास सांगत होते. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांच्या बहुमताने उत्तर दिलं की हे अभ्यास खरे मानले तरी संविधानाचा भंग होत नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. मी कायद्याची विद्यार्थी नाही, पण ‘खरे मानले तरी’ हे वाचून मी लॅपटॉप बंद करून बाहेर फिरायला गेले होते.

शंका घेणारा माणूस म्हणजे पक्षपाती माणूस, हे समीकरण मला मान्यच होत नाही. तीळभर चुकीने माणूस मरणार असेल तर शंका हा कामाचा भाग आहे. डॉक्टरने शस्त्रक्रियेआधी दोनदा रिपोर्ट बघितला तर आपण त्याला भित्रा म्हणत नाही. आणि या चाळणीतून कोण खाली पडतं तेही बघायला हवं. अमेरिकेतल्या जनमत चाचण्यांत वर्षानुवर्षं दिसतंय की गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांचा आणि पुरुषांपेक्षा बायकांचा मृत्युदंडाला विरोध जास्त आहे. त्यामुळे कुणी मुद्दाम काही केलं नाही तरी प्रश्नच असा आहे की बाया आणि कृष्णवर्णीय माणसं जास्त गळतात. आणि जे उरतात त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहेच, तो मुद्दाम करता येतो.

तो मुद्दाम कसा करतात हे समजायला मला लांब जावं लागलं नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये आमच्याच अर्विंगमधल्या एका हॉटेलात दरोडा पडला. तिथल्या दोन कर्मचाऱ्यांना बांधून गोळ्या घातल्या, एक जण गेला, दुसरा वाचला. हा गुन्हा भयंकर होता हे आधी म्हणायला हवं. थॉमस मिलर-एल हा कृष्णवर्णीय आरोपी होता. १९८६ साली त्याच्या खटल्यासाठी १०८ लोकांची यादी आली, त्यांत २० कृष्णवर्णीय होते. नऊ जण कारणाने किंवा दोन्ही बाजूंच्या संमतीने गेले. उरलेल्या अकरांपैकी दहा जणांना सरकारी वकिलांनी स्ट्राइक वापरून काढलं. बसला तो एक.

आकडा एवढाच असता तर योगायोग म्हणून कुणी सोडूनही दिलं असतं. पण पद्धत काय होती ती बघा. टेक्सासमध्ये कुणाला कधी प्रश्न विचारायचे याचा क्रम बदलून मागता येतो. तेव्हा नावांची कार्डं खरोखर पत्त्यांसारखी पिसत. रांगेच्या पुढच्या टोकाला कृष्णवर्णीय दिसले की सरकारी वकील पिसायला सांगत, म्हणजे ते मागे जात. मागे गेलेल्यांना आठवड्याच्या शेवटी प्रश्न न विचारताच घरी पाठवलं जाई. मग प्रश्नांची सुरुवात. बहुतेक गोऱ्या लोकांना सरळ सांगत की हा मृत्युदंडाचा खटला आहे, आपलं मत काय? निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीयांना मात्र आधी एक वर्णन ऐकवत: आरोपीला कोठडीतून नेतील, पट्ट्यांनी बांधतील, हाताच्या शिरेत सुई जाईल, औषध सोडतील, तो मरेल. आता सांगा, आपलं मत काय? गोऱ्यांपैकी हे वर्णन शंभरातल्या जेमतेम सहा जणांनी ऐकलं. ऐकून जो हबकला त्याच्या नावापुढे कारण तयार.

डॅलसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात ज्युरी निवडीची एक पुस्तिका होती, १९६८ सालची, निदान १९७६ पर्यंत वापरात असलेली. अल्पसंख्याकांना का घेऊ नये हे त्यात कारणांसकट लिहिलं होतं. त्याआधीचं एक परिपत्रक तर सरळ सांगायचं की ज्यू, कृष्णवर्णीय, मेक्सिकन किंवा कुठल्याही अल्पसंख्य समाजाचा माणूस घेऊ नका, मग तो कितीही श्रीमंत किंवा शिकलेला असो. त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यापाशी मी थांबते. आमच्या या गावात आता आम्ही किती आहोत! शिकलेले, बऱ्या पगाराचे, घराचे हप्ते वेळेवर भरणारे. आपण शिकलो की आपल्याला कुणी वगळणार नाही असा आमच्या लोकांचा एक भाबडा विश्वास असतो. त्या परिपत्रकाने त्याचं उत्तर आम्ही यायच्या कितीतरी आधी देऊन ठेवलं होतं.

मिलर-एलला न्याय मिळायला २००५ साल उजाडलं. न्यायमूर्ती डेव्हिड सुटर यांनी निकालपत्रात एकेका ज्युररची उत्तरं शेजारी शेजारी मांडून दाखवली. ज्या उत्तरासाठी कृष्णवर्णीयाला काढलं तेच उत्तर देणारा गोरा ज्युरीत बसला होता. २००८ मध्ये मिलर-एलने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. तो निर्दोष नव्हता. मला तरीही वाटतं की त्याच्या वेळी घरी पाठवलेल्या त्या दहा जणांवर अन्याय झाला होता, आणि तो अन्याय ठरायला त्याचं निर्दोष असणं आवश्यक नाही.

वंश बघून स्ट्राइक वापरायला बंदी १९८६ सालीच आली होती, केंटकीतल्या जेम्स बॅटसनच्या खटल्यात. तेव्हापासून नियम असा की बचाव पक्षाने शंका उपस्थित केली तर सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण सांगायचं आणि ते खरं की सबब हे न्यायाधीशांनी ठरवायचं. थर्गुड मार्शल यांनी त्याच दिवशी वेगळं मत लिहून बजावलं होतं की कारण कुणालाही सुचतं, त्यामुळे हे स्ट्राइकच बंद करा. त्यांचं कुणी ऐकलं नाही आणि मग कारणांचा पाऊस पडला. नजर चुकवत होता. फार तरुण आहे. फार वयस्कर आहे. घटस्फोटित आहे. उत्तर देताना रागावल्यासारखी दिसली. जॉर्जियातल्या टिमथी फॉस्टरच्या खटल्यात सरकारी वकिलांनी १९८७ साली अशीच कारणं दिली. कायद्याने मागणी करून त्यांची स्वतःची टिपणं २००६ मध्ये हाती आली तेव्हा यादीत कृष्णवर्णीय नावं हिरव्या रंगाने रंगवलेली होती आणि शेजारी ‘बी’ हे अक्षर होतं. सर्वोच्च न्यायालयाने ही टिपणं वाचून २०१६ साली निकाल फिरवला. हिरवा रंग सापडला म्हणून. ज्यांनी काही रंगवून ठेवलं नाही त्यांचं काय?

मिसिसिपीतल्या विनोना गावच्या कर्टिस फ्लॉवर्सबद्दल तर लिहावं तेवढं थोडं. पाच हजार वस्तीचं गाव, निम्म्याहून जरा जास्त कृष्णवर्णीय. १९९६ मध्ये तिथल्या फर्निचरच्या दुकानात चार खून झाले. फ्लॉवर्सवर खटला चालला, एकदा नव्हे, सहा वेळा, आणि सहाही वेळा सरकारी वकील एकच. तीन निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. सहाव्या वेळी मृत्युदंड. सगळे खटले मिळून ज्या ४२ कृष्णवर्णीयांना वगळता येणं शक्य होतं त्यांपैकी ४१ जणांना वगळलं होतं. सहाव्या वेळी वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न विचारले. बसवलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, दुकानात सगळ्यांचीच ये-जा. ओळख आहे का, नातं आहे का, कुठे काम केलंत, असं खोदत गेलं तर प्रत्येकात काही ना काही सापडणारच. कुणाच्यात सापडवायचं ते आधी ठरलेलं होतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकालही रद्द केला, निकालपत्र न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांचं. पुढच्या वर्षी खटलाच मागे घेतला गेला. तोवर फ्लॉवर्सची जवळजवळ तेवीस वर्षं गजाआड गेली होती.

मला स्वतःला ज्युरीचं समन्स आलं ते एका साध्या फौजदारी खटल्यासाठी. डॅलसच्या फ्रँक क्राउली न्यायालयात बाकांवर क्रमांकाने बसवलं. आमच्यात नर्स होत्या, शाळेचे बसचालक होते, एक पाद्री होते. वकील विचारत होते आणि लोक इतकं खरं बोलत होते की मला नवल वाटलं. अनोळखी माणसांसमोर एका बाईने सांगितलं की तिच्या भावाला पोलिसांनी विनाकारण मारलं होतं. पलीकडच्या माणसाने घरफोडीनंतर झोप उडाल्याचं सांगितलं. मला कोणत्याच बाजूने फार काही विचारलं नाही आणि माझं नाव पुकारलं गेलं नाही. ती भावाबद्दल बोललेली बाईही माझ्याबरोबर बाहेर पडली. लिफ्टमध्ये ती म्हणाली की खोटं बोलले असते तर बसले असते. मी काही बोलले नाही, पण तिने बसायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं. तिला पोलीस कसे वागू शकतात ते माहीत होतं. घरफोडी झालेल्या माणसाला गुन्ह्याने काय होतं ते माहीत होतं. दोघंही त्या खोलीत हवे होते.

माझे बाबा साताऱ्याला फौजदारी वकिली करायचे. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पण खटल्याचा विषय निघाला की आवाज चढतो. फोनवर त्यांना फ्लॉवर्सची हकिगत सांगितली, तर म्हणाले, “अगं, हे आपल्याला नवीन आहे का? टिळकांचा खटला काय होता?”

मग त्यांनी सगळं सांगितलं, तारखांसकट. १९०८ चा जुलै महिना, मुंबईचं हायकोर्ट, राजद्रोहाचा आरोप, ‘केसरी’तले अग्रलेख. सरकारने विशेष ज्युरी मागितली, टिळकांच्या बाजूने तिला विरोध झाला, न्यायमूर्ती दावर यांनी ती मंजूर केली. नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, ज्युरीपुढे मात्र त्यांची इंग्रजी भाषांतरं, आणि ती कशी चुकली आहेत हे सांगण्यात टिळकांचं कितीतरी बोलणं खर्ची पडलं. दिवसचे दिवस ते स्वतः आपली बाजू मांडत होते. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, मग मंडाले.

“ज्युरी बसली त्या दिवशीच निकाल लागला होता,” बाबा म्हणाले. “बाकीचे दिवस टिळक त्या नऊ जणांशी बोलतच नव्हते. ते बाहेरच्या लोकांशी बोलत होते.”

ती शिक्षा मृत्यूची नव्हती आणि ब्रिटिशांच्या राज्यातला तो खटला आणि डॅलसचा खटला यांत मी बरोबरी करत नाही. पण बाबांच्या बोलण्याने मला एक गोष्ट समजली. सात विरुद्ध दोन या आकड्यावर आपण मराठी माणसं शंभर वर्षं चिडून आहोत. त्यासाठी आपल्याला कुणी ज्युरीचा कायदा शिकवावा लागला नाही. मग विनोनातल्या माणसांना ज्युरीत अकरा गोरे आणि एकच कृष्णवर्णीय बघून काय वाटलं असेल ते आपल्याला कळायला अवघड का जावं?

बाबांनी उलट बाजूही मांडली, जुने वकील ते. म्हणाले, “पण सरकारलाही न्याय हवा की नाही? मी मृत्युदंड देणारच नाही असं ठरवून आलेला माणूस कायदा पाळणार नाही. त्याला बसवून कसं चालेल? आणि ज्याचं माणूस गेलं त्यांच्याकडे कोण बघणार?”

हा प्रश्न खरा आहे. अर्विंगच्या त्या हॉटेलातला जो कर्मचारी गेला त्याच्या घरच्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ निकाल रद्द होताना, पुन्हा उभा राहताना बघितला. विनोनाच्या चार कुटुंबांना सहा वेळा तेच सगळं ऐकावं लागलं. त्यांच्या त्या यातनांना निवडीतली लबाडीही कारणीभूत आहे, असं मी बाबांना म्हटलं. बारा माणसं पहिल्यांदाच सरळ निवडली असती तर दुसऱ्यांदा कोर्टात यावं लागलं नसतं. आणि ठरवून आलेल्यांबद्दल म्हणाल बाबा, तर उलट्या बाजूनेही लोक ठरवून येतात. खून केला म्हणजे मृत्युदंडच, दुसरं काही ऐकायचं नाही, असं मानणाऱ्यालाही काढता यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मान्य केलं. पण कचरणारा माणूस प्रश्न आला की लगेच ओळखू येतो, कारण तो विचार करायला थांबतो. ठाम माणूस ‘हो, मी निष्पक्ष राहीन’ म्हणतो आणि बसतो.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपल्याकडे तर आता ज्युरीच नाही. न्यायाधीशाला कोण विचारणार, तुमचं मन कचरतं का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

काही राज्यांनी पावलं उचलली आहेत. वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली नियम केला की वगळण्यामागे वंशाचा विचार असू शकतो असं एखाद्या जाणत्या त्रयस्थाला वाटण्याजोगं असेल तरी स्ट्राइक नामंजूर, मनात काय होतं ते सिद्ध करायची गरज नाही. नजर चुकवली, नीट उत्तर दिलं नाही, असल्या कारणांवर तिथे आता आधीपासूनच संशय धरला जातो. ॲरिझोनाने २०२२ पासून स्ट्राइक पूर्णच बंद केले, मार्शल यांनी सांगितल्यानंतर छत्तीस वर्षांनी. टेक्सासमध्ये ते पंधरा अजून आहेत.

आणि आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला समन्स आलं की पहिला प्रश्न असतो, कसं टाळायचं. इंग्रजी नीट येत नाही सांगा, लहान मुलं आहेत सांगा, सगळ्यांना शिक्षा व्हायलाच हवी असं काहीतरी बोला म्हणजे सोडतील. मला हे वाचून राग येतो. इथे ज्युररला पहिल्या दिवसाचे २० डॉलर आणि पुढे दिवसाला ५८ डॉलर मिळतात. रोजावर काम करणाऱ्याला त्यात परवडत नाही, त्याचं टाळणं मी समजू शकते. आम्हाला परवडतं. विनोनाच्या लोकांना बसायचं होतं आणि बसू दिलं नाही. आम्ही बसू शकतो आणि सबबी शोधतो. चित्रा काकू, माझ्या शेजारी राहणाऱ्या, एकदा मला म्हणाल्या, “अगं, पण मला विचारलं की मृत्युदंड देशील का, तर मी काय सांगू? मी तर मुंगी मारत नाही.” मी म्हटलं, “काकू, तेच सांगा. आणि वर हेही सांगा की कायदा काय म्हणतो ते ऐकून घेईन, सगळा पुरावा बघेन आणि मग ठरवेन. हे खरं असेल तरच सांगा.” १९६८ च्या निकालाप्रमाणे एवढ्यावर त्यांना काढता यायला नको.

एक गोष्ट मात्र काकूंना तिथे कुणीच सांगणार नाही. टेक्सासमध्ये दोषी ठरल्यानंतर ज्युरीला शिक्षेसाठी काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. हा माणूस पुढेही समाजाला धोका ठरेल का, त्याचा जीव वाचवावा असं काही त्याच्या आयुष्यात आहे का, अशा स्वरूपाचे. मृत्युदंडाकडे नेणाऱ्या उत्तरावर बाराही जणांचं एकमत लागतं. आरोपीच्या बाजूचं उत्तर द्यायचं तर किमान दहा जण लागतात, असं ज्युरीला सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, मी एकटी काय करणार, अजून नऊ जण कुठून आणू? पण कायद्यात पुढे असंही आहे की ज्युरीचं जमलंच नाही, तर मृत्युदंड होत नाही, पॅरोलशिवायची जन्मठेप होते. आणि हे ज्युररना सांगायला न्यायाधीशांना बंदी आहे, सरकारी वकिलांना बंदी आहे, बचाव पक्षाच्या वकिलांनाही बंदी आहे. एवढ्या गाळणीतून एखादी कचरणारी बाई त्या खोलीत पोचलीच, तरी तिच्या नकारात किती बळ आहे हे तिच्यापासून लपवून ठेवायचं, असा हा कायदा आहे.

मी न्यायाधीश नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे मला बंदी नाही. टेक्सासमध्ये राहून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते: त्या बारांमध्ये तुम्ही असाल आणि सगळं ऐकून, सगळं बघूनही तुमच्या मनाला पटत नसेल, तर नऊ जण गोळा करायची गरज नाही. तुमचं एकटीचं, एकट्याचं ‘नाही’ पुरतं.